आदर्श दिसण्याची सोपी पद्धत

आदर्श म्हणून वावरायचं ठरवलंय ना? मग आधी चेहरा हाताशी घ्या. हसायला मुख्यतः दोन स्नायू लागतात. गालातला ओठांचे कोपरे वर ओढतो. तो हुकमी आहे, म्हणाल तेव्हा चालतो. डोळ्यांभोवतीचा मात्र हट्टी. फ्रेंच डॉक्टर द्युशेन यांनी १८६२ मध्येच लिहून ठेवलंय की खरा आनंद झाल्याशिवाय तो हलत नाही. म्हणून फोटोत गॉगल.

सकाळी पाचचा सुविचार आदल्या रात्रीच शेड्यूल करून ठेवा, सोबत उगवता सूर्य. रात्री दीडपर्यंत व्हिडिओ बघण्याची सवय असेल, तर 'लास्ट सीन' तेवढं बंद करा. या क्षेत्रातले बहुतेक आदर्श इथेच उघडे पडतात.

खरी कसोटी बैठकीत. कुणीतरी म्हणणार, "काम शुक्रवारपर्यंत होणार नाही, कारण..." बस, इथेच थांबवा. कारण ऐकलंत की उपाय शोधणं आलं. त्याऐवजी हात वर करून, मंद हसत म्हणा, "आपल्याकडे 'नाही' हा शब्द नाही." आणि बाकीच्यांना टाळ्या वाजवायला लावा. सांगणारा वही मिटेल, खाली बघेल. तो प्रेरित झाला असं समजा. तीन-चार बैठकांत तक्रारी संपतात. अडचणी जागच्या जागी असतात, फक्त तुमच्यापर्यंत येत नाहीत. शुक्रवारी काम अडल्याचं सगळ्यांत शेवटी तुम्हालाच कळेल. तेव्हा "मला आधी का नाही सांगितलं?" हे वाक्य तयार ठेवा.

घरी चिडचिड झाली तरी गिळा. भावना दाबून बोलायला लावलेल्या माणसांवर २००३ मध्ये एक प्रयोग झाला होता. त्यात समोरच्या, बिचाऱ्या काही न दाबणाऱ्या माणसाचाही रक्तदाब वाढलेला दिसला. ताण असा वाटून घेण्याला आपण कुटुंबभावना म्हणूया.

स्वतःचा रक्तदाब उतरवायचा तर उज्ज्वल भविष्य रंगवा. गॅब्रिएल ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं की नुसत्या गोड कल्पनेनं अंगातला जोर ओसरतो, मिळालंच आहे असं वाटून शरीर सैलावतं. त्याच बाई सांगतात की स्वप्नाशेजारी त्यातला अडथळाही मांडावा आणि 'तो आला तर मी अमुक करीन' हे आधीच ठरवावं. एवढा भाग गाळा. त्यात कामं होतात खरी, पण भिंतीवर लावण्याजोगं काही निघत नाही.

मुलांसमोर भाषण द्या, भरपूर द्या. गाडी चालवताना मोबाइल किती वाईट, हे सिग्नलला मेसेज टाइप करता करता सांगितलंत तर वेळही वाचतो. मागच्या सीटवरचं पोर ऐकतं कमी, बघतं जास्त. अल्बर्ट बांडुरा यांच्या १९६१ च्या प्रयोगात मोठ्यांनी फुगवलेल्या बाहुलीला बडवताना पाहिलेल्या मुलांनी तेच फटके मारले, वर मोठ्यांच्या तोंडचे शब्दही उचलले. पोर उद्या तुमचा हात आणि तुमचं भाषण दोन्ही उचलेल, वारसा पूर्ण.

आणि कधी पकडले गेलात, तर माफी अशी मागा: "कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहे." काय केलं, कुणाचं नुकसान झालं, भरपाई कशी करणार, यातलं अक्षरही लिहू नका. पोस्ट टाकण्याआधी कमेंट बंद करा, नंतर नव्हे. मधल्या दोन मिनिटांत एखादा जुना सहकारी सगळं खरं लिहून जातो.