‘पिल्लं मरायला सोडलीत’ म्हणणाऱ्या ताईंना

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. अडईची (शिट्टी घालणारं छोटं रानबदक) पिल्लं दुसऱ्याच दिवशी तळ्यात सोडून मी अंग काढून घेतलं, पंख फुटेपर्यंत दूध-पाव घालून घरी वाढवायला हवी होती, असं तुमचं म्हणणं. राग कळतो, पण पटत नाही.

गोव्यातल्या करमळीच्या तळ्याकाठचा पोखरलेला आंबा पावसात कोसळला आणि ढोलीतली सात पिल्लं चिखलात पडली. (पिवळी नव्हेत हां, अडईची पिल्लं काळी, अंगावर पांढरे पट्टे.) कुत्रे घुटमळू लागले म्हणून टोपलीत घालून आणली आणि वनखात्याला कळवलं. रानपक्षी घरी पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसतच नाही.

माझी चूक झाली ती तुम्ही म्हणता तिथे नाही. बदक म्हणजे पाणी, या हिशेबाने मी ती बादलीत सोडली. पाच मिनिटं झकास पोहली, मग लव भिजून अंगाला चिकटली आणि सगळी कापू लागली. एवढ्याशा पिल्लांना ऊब आईच्या पंखाखालीच, तिथेच तिच्या पिसांचं तेलही लागतं. पुसून, बल्बखाली ठेवूनही एक रात्रीत गेलं. ते माझ्या खाती.

सकाळी दोन पिल्लं माझ्या चपलांमागून तुरूतुरू चालू लागली. घरात कौतुक, मला धडकी. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या कोनराड लोरेंझच्या मागे हंसांची पिल्लं अशीच, त्यालाच आई समजून, लागली होती. आणखी आठवडाभर ठेवली असती तर माणसाला आई समजणारी बदकं तळ्यात सोडणार होतो का मी?

आईबाप तिथेच होते, पडलेल्या झाडावर शिट्ट्या मारत घिरट्या घालत. अडईत नर-मादी दोघंही पिल्लं सांभाळतात. टोपली बांधावर आडवी ठेवून माडाआड उभा राहिलो. रेल्वे धडधडत गेली तशी सगळं गप्प. मग टोपलीतून चिवचिव, वरून शिट्टी, आणि दोघं पाण्यावर उतरली. सहाही पिल्लं धडपडत त्यांच्याकडे गेली. ती उतरली नसती तर टोपली वनखात्याकडे जाणार होती, माझ्या घरी नाही.

सगळी जगतील असं मी कुठेच लिहिलेलं नाही. घारी आहेत, मुंगसं आहेत. रविवारी पाच मोजली.

आणि दूध-पाव कुणालाच सुचवू नका. पक्ष्यांना दूध पचत नाही, पावाने नुसतं पोट भरतं. वाढत्या पिल्लाला किडे लागतात, ते तळ्यात फुकट मिळतात. या एकदा बघायला. सातच्या आत या, आणि कुत्रा घरी ठेवा.