पिन बसली ना? मग झालं!

लॅपटॉप आणलात आणि चार्जर विसरलात? छान केलंत. स्वतःचा चार्जर पिशवीत घेऊन हिंडणारी माणसं मनाने कोती असतात, इतरांच्या चांगुलपणावर त्यांचा भरवसा नसतो. तुमचा आहे. तेव्हा खोलीच्या मधोमध उभं राहा आणि मोठ्याने विचारा, "अरे, कुणाकडे चार्जर आहे का?" प्रश्न एवढाच ठेवायचा. किती वॅटचा, किती व्होल्टचा असल्या चौकशा करायच्या नाहीत. रक्त लागलं की गट विचारतात, पण ते दवाखान्यात.

कुणाकडेच नसला तरी हरकत नाही. जिथे चार माणसं काम करतात तिथे बेवारस चार्जरांचा एक खण असतोच. त्यात जुन्या मॉनिटरचा, बंद पडलेल्या राउटरचा, कधीच भंगारात गेलेल्या प्रिंटरचा आणि कशाचा ते आता कुणालाच आठवत नाही असा एकेक काळा ठोकळा वायरींच्या गुंत्यात निवांत पडलेला असतो. हात घाला, जो आधी सुटेल तो आपला.

आता तपासणी. पिन लॅपटॉपच्या भोकात घालून बघा. गेली? मग तपासणी संपली. काही चिकित्सक लोक सांगतील की ५.५ मिलिमीटरच्या पिनेचं बाहेरचं माप सारखं असलं तरी आतलं छिद्र कुठे २.१ तर कुठे २.५ मिलिमीटरचं असतं. असू द्या. सैल वाटली तर वायरखाली कागदाची घडी सरकवा. घट्ट वाटली तर जोर लावा. भोक लॅपटॉपचं आहे, पण जोर तुमचा स्वतःचा आहे.

ठोकळ्याच्या पोटावर काळ्यावर राखाडी अशा मुंगीएवढ्या अक्षरांत काहीतरी छापलेलं असतं. ते वाचू नये अशीच छापणाऱ्याची इच्छा दिसते, तिचा मान राखा. अगदीच राहवत नसेल तर फक्त पहिली ओळ वाचा: १०० ते २४० व्होल्ट, ५० ते ६० हर्ट्झ. मग तुमच्या नेहमीच्या चार्जरवरची पहिली ओळ आठवा. तीही तीच. झालं, दोन्ही चार्जर एकच आहेत हे सिद्ध झालं. ही ओळ भिंतीकडून येणाऱ्या विजेची आहे आणि जवळपास प्रत्येक चार्जरवर तीच असते, हा तपशील मनाला लावून घेऊ नका. लॅपटॉपला काय मिळणार ते खालच्या ओळीत असतं, आउटपुटच्या: १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर. यांचा गुणाकार केला की ६५ वॅट येतात. शेजारी अर्धवर्तुळात ठिपका आणि दोन बाजूंना अधिक-उणे असं एक चित्र असतं. पिनेच्या आत अधिक आहे की बाहेर, हे ते सांगतं. तुम्ही मात्र ते कंपनीचं बोधचिन्ह आहे असं समजून पुढे चला.

व्होल्टच्या बाबतीत मन मोठं ठेवावं. १९ आणि १९.५ मधला अर्धा व्होल्ट बहुतेक लॅपटॉप मुकाट पोटात घालतात. मग २० ला तरी का नाही म्हणायचं? आणि २० चाललं तर २४ ने काय घोडं मारलंय? काही लॅपटॉप जास्त व्होल्ट दिसताच दार लावून बसतात. बाकीच्यांच्या बोर्डाला तेवढी समज नसते, आणि तुमचा कुठल्या जातकुळीतला आहे हे कळण्याची एकच पद्धत आहे.

वॅटचं प्रकरण मात्र जरा निगुतीने समजून घ्या, कारण इथे सगळं जग चुकीच्या गोष्टीला घाबरतं आणि तुम्हीही तसंच घाबरायचं आहे. ४५ वॅटच्या लॅपटॉपला कुणी ९० वॅटचा चार्जर लावायला निघालं की किंचाळा, "अरे, जळेल ना!" कुणी शहाणा म्हणेलच, की व्होल्ट तेच असतील तर चार्जर वीज ढकलत नाही, लॅपटॉप लागेल तेवढीच ओढतो, टाकी मोठी म्हणून तोटीतून पूर येत नाही. त्याच्याकडे सहानुभूतीने बघा आणि विषय बदला. हेच उलट घडलं, म्हणजे १३० वॅट मागणाऱ्या धिप्पाड लॅपटॉपला ४५ वॅटचा इवलासा चार्जर लावला, तर कपाळावर एक आठीही येऊ द्यायची नाही. लहान आहे, काय करणार बिचारा?

काय करतो ते सांगतो. आधी तो गरम होतो. कोमट नव्हे, हात लावून चटकन मागे घ्यावा इतका. मग त्याच्या आतलं संरक्षण जागं होतं आणि तो वीज तोडतो. ताण गेला की पुन्हा चालू होतो, पुन्हा ताण येतो, पुन्हा तोडतो. ठोकळ्यावरचा दिवा काजव्यासारखा लुकलुकायला लागतो, आतून बारीक टिक टिक ऐकू येते, आणि दर टिकेला स्क्रीनचा उजेड कमी-जास्त होतो. याला 'चार्जिंग होतंय' असं म्हणायचं. स्वस्त ठोकळ्यात तेवढं संरक्षणही नसेल तर टिक टिक होत नाही, नुसता वास येतो. अशा वेळी ठोकळा पांघरुणाखाली सारला की वास कमी येतो.

काही लॅपटॉप आगाऊ असतात. त्यांच्या पिनेच्या मध्यभागी सुईसारखी एक बारीक काडी असते, तिच्यातून चार्जर आपण किती वॅटचे ते लॅपटॉपला सांगतो. उत्तर पटलं नाही तर सुरू होतानाच स्क्रीनवर सूचना येते: चार्जर ओळखता आला नाही, बॅटरी कदाचित चार्ज होणार नाही, मिळेल त्या विजेनुसार वेग कमी करू. ही सूचना वाचण्यासाठी नसते, कुठलंही बटण दाबून घालवण्यासाठी असते. मग प्रोसेसर पाय ओढत चालू लागला की दोष नव्या अपडेटला द्या. अपडेट काही बोलत नाही.

मी स्वतः या मार्गावरचा जुना वाटसरू आहे. एकदा भरल्या सभेत सादरीकरण करायचं होतं, चार्जर उसना, ४५ वॅटचा. कोपऱ्यात विजेचं चिन्ह छान चमकत होतं, म्हणून मी निर्धास्त. बॅटरी ३१ टक्के होती. थोड्या वेळाने पाहिलं तर २६. चिन्ह चमकतंच आहे. मग १९. प्रोजेक्टर, व्हिडिओ आणि पूर्ण उजेडातला स्क्रीन मिळून चार्जर देत होता त्यापेक्षा जास्त खात होते आणि तूट बॅटरी भरत होती. शेवटून तिसऱ्या स्लाइडवर, 'आमच्या नियोजनाची वैशिष्ट्यं' या मथळ्यावर, लॅपटॉपने डोळे मिटले. तोच लॅपटॉप बंद करून त्याच चार्जरवर रात्रभर ठेवला, तर सकाळी गुमान भरलेला होता. हे सांगायला नको होतं खरं, कारण यातून कमी वॅटचा चार्जर कधी चालवून घेता येतो ते कळतं आणि मजा जाते.

टाइप-सी आल्यापासून तर आनंदीआनंद आहे. सगळ्या पिना सारख्या! युरोपीय संघाने २८ एप्रिल २०२६ पासून तिथे विकायच्या नव्या लॅपटॉपना हे पोर्ट सक्तीचं केलंय. आता तुम्ही फोनचा चार्जरही बिनदिक्कत लावू शकता. आधी ५ व्होल्टवर दोघांचे नमस्कार-चमत्कार होतात, मग लॅपटॉप विचारतो, ९ आहेत का, १५ आहेत का, २० आहेत का? फोनचा चार्जर खाली बघतो. लॅपटॉप म्हणतो, राहू दे.

आणि मोठा, १०० वॅटचा चार्जर घेतलाच, तर त्याला फोनसोबत आलेली बारीक केबल लावायला विसरू नका. साध्या केबलीतून ३ अँपिअरच जातात, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट. त्याहून जास्त हवं तर ५ अँपिअरची, आत ओळखचिप असलेली केबल लागते. टाइप-सी चार्जिंगच्या २०२१ च्या नव्या नियमांत तर हा आकडा ४८ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर, म्हणजे २४० वॅटपर्यंत गेला. तुमची केबल हे सगळं ऐकून घेते आणि ६० च देते. शेजाऱ्याने त्याच चार्जरच्या दुसऱ्या भोकात कानातले इयरबड लावले की वाटणी पुन्हा होते आणि लॅपटॉपच्या ताटात आणखी कमी पडतं. त्याला काही म्हणू नका, चार्जर त्याचाच असतो.

केबली तपासायच्या भानगडीत तर मुळीच पडू नका. गूगलमधले अभियंता बेन्सन लियुंग २०१५ पासून बाजारातल्या टाइप-सी केबली एकेक करून तपासत होते. २०१६ च्या फेब्रुवारीत एका केबलीच्या आतल्या तारा उलट्या जोडलेल्या निघाल्या आणि त्यांचा लॅपटॉप तपासणीच्या उपकरणांसकट गेला. बघा, तपासायला गेले म्हणून गेला.

तुमचा न तपासता जाईल. दुरुस्तीच्या काउंटरवर तुम्ही तो ठेवाल, सोबत खणातून आणलेला ठोकळा ठेवाल. समोरचा माणूस विचारेल, "चार्जर कुठला लावत होता?" बिचकायचं नाही. "ओरिजिनल," असं सांगायचं. मग तो ठोकळा उलटा करेल, चष्मा कपाळावर चढवेल, दिव्याखाली तिरका धरेल आणि ती राखाडी अक्षरं तुमच्यासमोर पहिल्यांदाच कुणीतरी वाचेल.

"हा प्रिंटरचा आहे. २४ व्होल्ट."

त्यावर शांतपणे सांगायचं, "पिन तर बरोबर बसत होती."