वयखं का माले?

पप्पांचा गुडघा सुजला आणि आमच्या घराण्याचं प्रतिनिधित्व माझ्या गळ्यात पडलं.

मी पुण्याहून चार दिवसांच्या सुट्टीवर जळगावला आलो होतो तो झोपायला. सॉफ्टवेअर तपासायची नोकरी आहे. वर्षभर दुसऱ्यांच्या चुका काढतो, तेव्हा सुट्टीत कोणी माझ्या काढू नयेत एवढीच माफक इच्छा असते. पण मे महिना होता. टीव्हीखालच्या कप्प्यात कुंकवाचे ठिपके लावलेल्या अकरा पत्रिका पडल्या होत्या. आमच्याकडे पत्रिकांचे तीन वर्ग असतात. फोन केला तरी चालेल, पाकीट पाठवलं तरी चालेल, आणि गेलंच पाहिजे. अमळनेरकडची ती पत्रिका तिसऱ्या वर्गातली निघाली. या वर्गाची कारणं बहुधा आपल्या जन्माआधी घडलेली असतात आणि ती विचारायची नसतात. मी विचारलं.

"पण त्यांचं आपलं नातं काय?"

"तुझ्या पप्पांच्या मावसआत्याच्या जाऊबाईंचा नातू," आई म्हणाली, आणि इतकं सोपं विचारतोसच कशाला अशा नजरेनं तिनं माझा शर्ट इस्त्रीला घेतला.

इस्त्री करता करताच तिनं सूचना दिल्या. पाकिटात पाचशे एक आहेत, वरचं नाणं पाडू नकोस. पंगतीला बस, "भूक नाही" वगैरे पुण्याची नाटकं करू नकोस. दिसेल त्या म्हाताऱ्या माणसाच्या पाया पड. आणि कोणी "ओळखलं का" म्हणून विचारलं, तर जीव गेला तरी "नाही" म्हणू नकोस.

शेवटच्या सूचनेला इतिहास आहे. एकोणीस वर्षांचा असताना पाचोऱ्याच्या एका साखरपुड्यात एका आजींना मी प्रामाणिकपणे "नाही ओळखलं" म्हणालो होतो. त्या हसल्या. मला वाटलं, मिटलं. संध्याकाळी सहाला चाळीसगावच्या काकांचा फोन आला, साडेसहाला शिरपूरच्या आत्याचा. पोरगं पुण्याला गेलं आणि रक्ताची माणसं विसरलं, अशी बातमी रात्रीपर्यंत नंदुरबारला पोचली होती. त्या आजींनी पुढे तीन वर्षं आमच्याकडे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, पाठवले नाहीत. आईला माझ्या बारावीच्या मार्कांचं एवढं दुःख झालं नव्हतं.

खरं तर दोष माझ्या स्मरणशक्तीचा नाही. खान्देशात माणसांना नावं असतात ती फक्त सातबाऱ्यावर. एरवी जो तो नाना, आप्पा, तात्या, बापू, नाहीतर जिभाऊ. माझ्या मोबाइलमध्ये एकूण नऊ नाना आहेत. नाना पाचोरा, नाना ट्रॅक्टर, नाना ट्रॅक्टर २, नाना उचलू नको, असे. इंग्रजांनी १९०६ साली खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले, १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळं झालं. कागदोपत्री सगळं वाटून झालं, पण लग्नाच्या मांडवात अख्खा जुना खान्देश परत एक होतो आणि त्यातला प्रत्येक नाना मला ओळखत असतो.

सुरत लाइनच्या गाडीनं अमळनेर गाठलं. तिथून काळीपिवळी. माझ्या एका मांडीवर कोणाचं तरी बाळ, दुसरीवर त्याच बाळाचा कूलर. आईची इस्त्री धरणगावपर्यंत टिकली होती, ती इथे संपली. ऊन असं, की बाहेर हात काढला तरी आत घ्यावासा वाटावा.

मांडवाच्या तोंडाशीच आहेराचं टेबल होतं. दोनशे पानी वही, आणि दोऱ्यानं टेबलाच्या पायाला बांधलेलं बॉलपेन. लिहिणाऱ्या काकांनी "नाव?" विचारलं. मी माझं सांगितलं. त्यांनी काही लिहिलं नाही.

"गाव?"

"पुणे."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "पुण्यात आपलं कोणी नाही. बापाचं नाव सांग."

सांगितलं. लगेच पेन चाललं, चेहरा उजळला, आणि "गुडघा कसाय त्यांचा?" अशी चौकशीही झाली. माझं वय सव्वीस. बँकेनं मला क्रेडिट कार्ड दिलंय, घरमालकानं अकरा महिन्यांचा करार केलाय. पण पाचशे एक रुपयांच्या व्यवहारात मी अजूनही स्वतंत्र इसम नाही.

मग लाऊडस्पीकरवर सत्कार सुरू झाले. मुहूर्त बारा पस्तीसचा होता आणि सव्वा वाजला होता, पण आजी सरपंच, माजी सरपंच आणि सोसायटीचे चेअरमन यांना टॉवेल-टोपी दिल्याशिवाय मंगलाष्टकं सुरू करायची आमच्याकडे कोणाची छाती नाही. अचानक पप्पांचं नाव पुकारलं गेलं. गेलो. डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात नारळ. टोपी सातवीतल्या मुलाच्या मापाची होती. मान सरळ ठेवली तरच बसायची. त्यामुळे पुढचे दोन तास मी अतिशय करारी दिसत होतो. आणि आजूबाजूला पाहिलं, तर तशीच पांढरी टोपी आणि तसाच गुलाबी टॉवेल घातलेले चाळीसएक करारी पुरुष फिरत होते. हे लक्षात ठेवायला हवं होतं.

व्यासपीठावरून उतरलो आणि पहिला आला.

"वयखं का माले?"

अहिराणीत ळ सहसा टिकत नाही. डोळा असतो तो डोया, काळा असतो तो काया, आणि ओळखलं का मला, हे वयखं का माले. आमच्या जळगाव शहरात हाच प्रश्न "काय भो, ओळख आहे का?" असा हसत येतो आणि हसत निघून जातो. अमळनेर-धुळ्याकडे तो विचारणारा उत्तर घेतल्याशिवाय हलत नाही. हात हातात धरून ठेवतो.

यावर मी काही उपाय शोधून ठेवले आहेत. पहिला म्हणजे ताबडतोब पाया पडणं. वाकून उठेपर्यंत चार सेकंद मिळतात. पण चपलेवरून माणूस ओळखायची कला मला साधलेली नाही. दुसरा, "काकू कशा आहेत?" असं विचारणं. हा मी एकदाच वापरला. समोरचे गृहस्थ म्हणाले, "मी लगीन करंच नही."

रामबाण उपाय एकच. "कापूस दिला का?"

मे महिन्यात खान्देशात हा प्रश्न कोणालाही विचारावा. २०२२ साली कापसानं क्विंटलला दहा हजारांची वेस ओलांडली, आणि तेव्हापासून निम्म्या घरांत पुढच्या खोलीत कापूस रचून माणसं भावाची वाट पाहत बसलेली असतात. मी विचारलं मात्र, समोरच्या नानांनी माझा हात सोडला आणि स्वतःचं कोपर खाजवायला घेतलं. साठवलेल्या कापसानं घरभर खाज सुटते. बाही वर करून त्यांनी मला पुरळ दाखवलं, मग व्यापारी, मग सरकार, मग थोरली सून, जिला त्याच खोलीत झोपावं लागतं. बारा मिनिटं गेली. शेवटी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पोऱ्या हुशार शे." त्यांचं नाव मला आजतागायत माहीत नाही. याच चावीनं मी आणखी सहा जण उघडले. त्यातला एक चोपड्याकडचा केळीवाला निघाला, त्याच्यासाठी "बऱ्हाणपूरचा भाव काय निघाला?" अशी चावी थोडी घासून घ्यावी लागली.

लग्न लागलं. पंगत बसली. जीन्स घालून मांडी घालणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. मांडी होते, पण ती आपली राहत नाही. वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. बट्टी चुरून त्यात वरण घेतलं, वरून तुपाची धार पडली, आणि सबंध दिवसात तेवढी वीस मिनिटं मला कोणी काही विचारलं नाही. एक वाढपी "घ्याच एक" म्हणत चौथी बट्टी टाकून गेला. उठताना शेजारच्या आप्पांनी काखेत हात घालून उचललं.

हात धुऊन पाण्याच्या जारपाशी आलो. आधी बांगड्या वाजल्या, मग मनगट धरलं गेलं.

"वयखं का रे माले?"

हिरवं नऊवारी, कपाळावर गोंदण, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर देतात तो काळा चष्मा. मी वाकलो. टोपी पडली. टोपी उचलायला पुन्हा वाकलो, तो त्यांना दुसरा नमस्कार वाटला आणि त्या फारच खूश झाल्या.

"हो मग! तुम्हाला नाही ओळखणार?" मी म्हणालो. "हो" पुरे होतं. पुढचा उत्साह नडला.

"मंग सांग, मी कोन शे?"

हा पुरवणी प्रश्न पुरुष विचारत नाहीत. त्यांना कापसाचं सांगायचं असतं. मी हिशेब केला. आमच्याकडच्या साठीपुढच्या निम्म्या बायका आक्का असतात, उरलेल्या जिजी किंवा माय.

"आक्का!"

काळ्या चष्म्याखाली सगळा चेहरा हसला. बाजूच्या बायकांकडे वळून त्या म्हणाल्या, "देखा! पोऱ्यानी वयखं!" मग माझं मनगट दोन बोटांत मोजून, "किती वायी गया रे तू. भरतीनं काय जयं?"

भरती म्हणजे दवाखान्यातली, असं मी धरलं. गुडघ्याची बातमी इथवर आलीय म्हणायची. "भरती करायची वेळ नाही आली आक्का," मी म्हणालो. "गोळ्यांवरच भागलं."

आक्का विचारात पडल्या. "गोया खाईसन पयतस का आते?"

गोळ्या खाऊन पळतात? कोण पळतं? आणि मग माझ्या पोटात, चौथ्या बट्टीच्या थोडं वर, काहीतरी हललं. ही पोलिस भरती होती. आक्कांच्या समोर उभा होता तो मी नव्हतोच. टोपी-टॉवेलनं घात केला होता.

तिथल्या तिथे सांगून टाकायला हवं होतं, मान्य आहे. पण मी नुकतंच त्यांना ओळखलं होतं. मी तो नव्हे म्हटलं, तर मग मी त्यांना कसा ओळखत होतो? डोळ्यांसमोर बिबड्यांची तीन वर्षं आली. मी गप्प राहिलो.

"हाऊ आमना जिभाऊना धाकला पोऱ्या," आक्कांनी जाहीर केलं. "पोलिस व्हई ऱ्हायना."

पाच-सहा बायकांनी एकदम माझ्या छातीकडे पाहिलं. पोलिस व्हायला उंची १६५ सेंटिमीटर लागते आणि छाती न फुगवता ७९, फुगवून आणखी ५. उंचीचं काम होतं. छातीसाठी मी श्वास घेतला आणि धरून ठेवला. एकीनं विचारलं, "रोज सोळाशे मीटर पळतो का रे?" श्वास धरलेला असल्यानं मी नुसती मान हलवली. टोपी पुन्हा पडली. मी शेवटचा पळालो होतो तो शिवाजीनगरला सुटलेल्या एसटीमागे, आणि कंडक्टरनंच दया येऊन घंटी मारली होती.

आक्कांनी मग मला अंडी खायला सांगितली, मोबाइल कमी बघायला सांगितला, माझ्या आईच्या म्हणजे कोणाच्या तरी आईच्या बीपीची चौकशी केली. "तू एवढासा व्हता, तवय तुले मी कडेवर लई फिरेल शे," म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज असा ओला झाला की मलाही ते थोडं थोडं आठवायला लागलं. कमरेच्या बटव्यातून आठ घड्या घातलेली शंभराची नोट काढून माझ्या मुठीत कोंबली. "दूध पेजो." दोन्ही हात माझ्या गालांवरून फिरवून कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

आता हे शंभर रुपये. पोलिसाचं सोंग घेऊन म्हातारीकडून पैसे उकळणं कुठल्या कलमात बसतं ते खरा उमेदवारच सांगू शकला असता. मांडवामागे जाऊन आईला फोन लावला.

"गोंदण कपाळावर की हनुवटीवर?" तिनं विचारलं.

"कपाळावर."

"चष्मा?"

"काळा."

"मग आपल्या नाहीतच त्या. नवरीकडच्या असतील. तू कशाला त्यांना ओळखत बसलास?"

जिभाऊंचा धाकला शोधायला वेळ लागला नाही. जेवण झाल्यावर अख्खा मांडव सुस्तावला होता आणि हा एकटाच काळीपिवळीजवळ ताठ उभा होता. बारीक कापलेले केस, माझ्यापेक्षा वीतभर उंच, आणि छाती अशी की शर्टाची बटणं सावधान स्थितीत. आमच्यात साम्य एकच, डोक्यावरची टोपी. त्याचीही लहानच होती.

मुठीत नोट घेऊन मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. सुरुवात कशी करायची? मघाशी पंधरा मिनिटं मी तू होतो, हे अनोळखी माणसाला कोणत्या शब्दांत सांगतात? मी तोंड उघडलं आणि त्यातून आपोआप आलं ते हे:

"ओळखलं का?"

त्याची नजर माझ्या बुटांवर गेली, तिथून टॉवेलवर, टोपीवर, परत बुटांवर. डोळ्यांमागे भराभर पानं उलटली जात होती. शिरपूर, दोंडाईचा, आत्या, मावशी, नाना ट्रॅक्टर. मग एकदम चेहरा फुलवून त्यानं माझा हात हातात घेतला.

"हो मग! तुम्हाला नाही ओळखणार? घरचे सगळे बरे?"

"बरे आहेत."

दोन सेकंद शांतता. तो घसा खाकरला.

"मग... कापूस दिला का?"

मुठीतली नोट घामानं ओली झाली होती.

"नाही अजून," मी म्हणालो. "भावाची वाट बघतोय."