शनिवार-रविवारपुरत्या मुली कामाला कशा ठेवाव्यात

तुळशीचे लग्न लागले की नागपुरात धरमपेठेपासून मानेवाड्यापर्यंतच्या प्रत्येक ब्यूटी पार्लरमध्ये शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा उरत नाही, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. कायमच्या दोन मुलींचे हात पुरत नाहीत, म्हणून तुम्ही आणखी दोघींना फक्त सुटीच्या दिवसांपुरते बोलावता. इथवर सगळे ठीक आहे. प्रश्न त्यांना पैसे देण्याची वेळ आली की उभा राहतो, आणि त्या बाबतीत आपल्या व्यवसायात जी समज मुरलेली आहे, ती नव्याने पार्लर काढणाऱ्यांच्या उपयोगी पडावी म्हणून येथे मांडत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे पगार आधी ठरवू नये. ‘आधी तुझा हात तर बघू दे’ एवढे म्हणावे. हात बघण्यास साधारण तीन महिने लागतात. तोवर ती थ्रेडिंग करते, वॅक्सिंग करते, गिऱ्हाइकाचे डोके धुते, आणि गिऱ्हाईक तुम्हाला पूर्ण दराने पैसे देते. पण ती मात्र शिकत असते. शिकणाऱ्या मुलीने गुरूकडे पैसे मागणे आपल्या संस्कृतीत बसत नाही. गुरूने गिऱ्हाइकाकडून घेणे बसते.

त्यानंतर रोजंदारी ठरवताना ‘अर्धवेळ’ हा शब्द वारंवार वापरावा. या शब्दात अशी जादू आहे की सकाळी दहाला आलेली मुलगी रात्री नऊला निघाली तरी ती अर्धवेळच राहते, कारण आठवड्यातले उरलेले पाच दिवस ती आली नव्हती. सरकार किमान वेतनाचा दर जाहीर करते, वर विशेष भत्ताही जोडते, पण ते कागद वाचण्याची घाई करू नये. वाचायचेच झाले तर महिन्याच्या आकड्याला रविवार वगळून कामाच्या 26 दिवसांनी न भागता 30 ने भागावे. समजा महिन्याचा दर 13,000 रुपये आहे. 26 ने भागले तर दिवसाचे 500 होतात. 30 ने भागले की 433 वर येतात. ज्या मुलीला महिन्यातून आठच दिवस बोलावता, तिला रविवारची सुटीदेखील वाटून देण्याचा हा उदारपणा गणिताच्या पुस्तकात सापडणार नाही.

एक काटेकोर हिशेबनीस मला म्हणाला की, नेहमीच्या दिवसाचे आठ तास धरले आणि जेवणाचा एक तास वगळला, तर दहा ते नऊ या वेळेत दोन तास जादा होतात, त्यांचे दुप्पट दराने 250 रुपये होतात, म्हणजे त्या दिवसाचे 750 व्हायला हवेत. तुम्ही 300 देता. मी त्याला सांगितले की आम्ही दुपारी पोहे आणि तर्री देतो. यावर त्याच्याकडे उत्तर नव्हते.

मे महिन्यात थोडे शास्त्र आवश्यक आहे. नागपूरच्या उन्हात बारा ते पाच या वेळात रस्त्यावर चिटपाखरू नसते, तेव्हा पार्लरमध्ये कुठून येणार? अशा वेळी मुलींना मागच्या खोलीत बसवावे, गिऱ्हाईक नसल्यामुळे कूलर बंद करावा, आणि वहीत फक्त पाचनंतरचे तास लिहावेत. वेतन संहिता, 2019 या केंद्रीय कायद्यात एक त्रासदायक कलम आहे, आणि ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागूही झाली आहे. मालकाने काम दिले नाही म्हणून रोजावरच्या कामगाराचे तास कमी भरले, तर त्याला पूर्ण दिवसाचे वेतन मिळाले पाहिजे, असे ते कलम म्हणते. जुन्या 1948 च्या किमान वेतन कायद्यातही हेच होते. पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ आपण त्याच्याकडे दुर्लक्ष केले आहे, तर आता परंपरा मोडण्याचे कारण नाही.

दंडाच्या बाबतीत मात्र ढिलाई नको. पगाराचे तास अंदाजाने मोजावेत, उशिराची मिनिटे घड्याळाने. आमच्या ओळखीच्या एका पार्लरमध्ये लोकमान्य नगरहून मेट्रोने येणारी मुलगी शंकर नगर चौकात उतरून धावत येते. एका रविवारी ती दहा वाजून सात मिनिटांनी पोहोचली, दोऱ्याचे रीळ अजून हातातच होते, आणि म्हणाली, ‘मॅडम, गाडी सुटली जी माझी.’ मॅडमनी काही न बोलता वही उघडली आणि लाल पेनाने 50 लिहिले. महिन्यात असे तीनदा घडले, म्हणजे 150. आता संहितेप्रमाणे दंड वेतनाच्या तीन टक्क्यांवर जाता कामा नये, म्हणजे 500 च्या दराने आठ दिवसांच्या 4,000 रुपयांवर फार तर 120. शिवाय कशाकशासाठी दंड होईल त्याची मंजूर यादी भिंतीवर लावलेली हवी, मुलीला आपली बाजू मांडू दिली पाहिजे, आणि जमलेला दंड कामगारांच्याच हितासाठी खर्च व्हायला हवा. मॅडमनी त्यातून काउंटरवर सुगंधी दिवा आणला. त्याचा वास मुलींनाही येतो.

बक्षिशीचा प्रश्न मोबाइलने सोडवला आहे. पूर्वी नवरीची आई मुलीच्या हातात नोट कोंबून जायची आणि तुम्हाला हताशपणे पाहत बसावे लागायचे. आता काउंटरवर एकच क्यूआर कोड चिकटवलेला असतो आणि तो तुमच्या खात्याचा असतो.

काही धीट मालक म्हणतात, ‘ती स्वतःच्या राजीखुशीने एवढ्यात तयार झाली, सहीसुद्धा केली.’ ही सही जपून ठेवावी, फक्त कोणाला दाखवू नये. किमान वेतनाहून कमी पैशांत राबवून घेणे म्हणजे वेठबिगारी, असे सर्वोच्च न्यायालयाने आशियाई खेळांच्या बांधकाम कामगारांच्या खटल्यात 1982 साली सांगितले आहे, आणि कायद्याने दिलेला हक्क सोडून देण्याचा करार मुळातच पोकळ ठरतो. वीसपेक्षा कमी माणसे असलेल्या दुकानाला 2017 च्या दुकाने कायद्यात नोंदणीऐवजी नुसती ऑनलाइन सूचना पुरते, हे मात्र सगळ्यांना पाठ असते. ही सवलत वेतनालाही लागू आहे, असे ठामपणे बोलावे. समोरच्याने कायदा वाचलेला नसेल तर चालून जाते.

याच शहरात जमशेटजी टाटांनी 1877 साली एम्प्रेस मिल सुरू केली आणि पुढे 1886 मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी काढला, ही गोष्ट मुलींसमोर काढू नये. उगाच तुलना होते.

शेवटी, वही. हजेरी, तास, दिलेली रक्कम यांची नोंद ठेवू नये आणि वेतनचिठ्ठी तर मुळीच देऊ नये, कारण लिहिलेले पुढे अंगाशी येते, असे आपल्यात मानतात. अडचण एवढीच की पैसे दिले नाहीत असा दावा झाला, तर दिल्याचे सिद्ध करण्याचे ओझे मालकावर असते, दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो आणि थकीत रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई द्यावी लागू शकते. तुमच्याकडे तर वही नाही. लाल पेनाचे ते एक पान तेवढे आहे. शंकर नगरहून धावत येणारी ती मुलगी हल्ली दर रविवारी आल्याबरोबर शटरचा एक फोटो काढते आणि रात्री निघताना दुसरा. फोटोवर वेळ उमटते. तिला फोटोची आवड असेल.