सकाळी खोगीर, संध्याकाळी टाळ्या

स्पेनला जाऊन सकाळी घोडेस्वारी करायची आणि संध्याकाळी फ्लेमेंको हा तिथला नाच शिकायचा, असा बेत मी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहीर केला. मावशीचा पहिला प्रश्न आला, "किती लागणार?" आणि दुसरा, "ह्या वयात?" काकांनी नुसता हसणारा इमोजी टाकला. चुलतबहीण म्हणाली, "त्यापेक्षा तेवढ्या पैशात पाच देश होतात गं." होतात. बसमधून उतरायचं, फोटो काढायचे, टॉयलेटच्या रांगेत उभं राहायचं आणि पुन्हा बस. मी तीही सहल केलेली आहे आणि त्यातलं मला बसच्या खिडकीचा पडदा सोडून फारसं काही आठवत नाही. म्हणून आता जाऊन आल्यावर हे सविस्तर लिहून टाकते, म्हणजे प्रत्येक लग्नात आणि बारशात तेच तेच सांगायला नको.

जागा हेरेस. स्पेनच्या दक्षिणेला अंदालुसियात, सेव्हिलपासून रेल्वेने साधारण तासाभरावर. शेरी नावाची वाइन इथलीच. मुंबईहून थेट विमान नाही. आखातातून माद्रिद, माद्रिदहून वेगवान रेल्वेने अडीच तासांत सेव्हिल, तिथून पुढे. घोडा आणि नाच एकत्र करायचे तर हेच गाव का, तर दोन्ही गोष्टी तिथे पाहुण्यांसाठी मांडून ठेवलेल्या नाहीत, त्या गावाच्याच आहेत. १९७३ साली सुरू झालेली अंदालुसियन अश्वकलेची शाही शाळा इथे आहे. मे महिन्यात इथे घोड्यांची जत्रा भरते. सेव्हिलच्या एप्रिलच्या जत्रेत बहुतेक मांडव खासगी, ओळख असेल तरच आत. इथले बरेचसे सगळ्यांना खुले. आणि बुलेरियास हा फ्लेमेंकोचा सगळ्यात खट्याळ प्रकार ह्या गावच्या सांतियागो आणि सान मिगेल ह्या जुन्या हितानो, म्हणजे स्पॅनिश जिप्सींच्या, वस्त्यांनी वाढवला. लग्न असो, बारसं असो, लोक गोल करून टाळ्या धरतात आणि एकेक जण मध्ये येऊन दोन पावलं नाचून परत जातो. आजीबाईसुद्धा. त्यामुळे "ह्या वयात" हा प्रश्न निदान तिथे तरी कुणी विचारत नाही.

नाचाच्या वर्गात सुरुवातीला आम्हाला नाचू दिलंच नाही. खुर्च्या गोल मांडल्या आणि टाळ्या शिकवल्या. दोन प्रकारच्या. तळवे खोलगट करून वाजवायची दबकी टाळी, म्हणजे गाणाऱ्याचा आवाज झाकला जात नाही. आणि बोटं तळव्यावर मारून काढायची खणखणीत टाळी, ती नाच रंगात आल्यावर. बाई साठीच्या, केस घट्ट बांधलेले, आवाज घोगरा. त्या टेबलावर मुठीच्या हाडांनी ठेका धरायच्या आणि एखाद्याची टाळी चुकली की थांबायच्या नाहीत, फक्त त्याच्याकडे बघायच्या. तेवढं पुरायचं. बारा मात्रांचं आवर्तन, पण जोर कुठे? बारावर, मग तीन, सहा, आठ आणि दहावर. म्हणजे आधी तीन-तीनच्या उड्या आणि मग अचानक दोन-दोनच्या. आपले कान भजनातल्या केहरव्यावर आणि गणपतीतल्या ढोल-ताशावर पोसलेले. आपण एकावर सम शोधत राहतो आणि ते लोक बारावर येऊन केव्हाच बसलेले असतात. माझ्या शेजारची जर्मन मुलगी रडकुंडीला आली. मी तिला आमच्या शाळेतल्या बाई शिकवायच्या तसं बोटांच्या पेरांवर मोजायला शिकवलं. त्यानंतर आमची दोघींची गाडी जरा रुळावर आली.

आणि ह्याच ठिकाणी घोडा उपयोगी पडला, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

घोड्याच्या प्रत्येक चालीला तिचा ताल असतो. साधी चाल चार टापांची, दुडकी दोन टापांची, आणि त्यापुढची दौड तीन टापांची. आमचे शिकवणारे, गायीगुरं राखणाऱ्या घराण्यातले एक काका, आम्हाला चालत्या घोड्यावर मोठ्याने मोजायला लावायचे. खोगीर तिकडचं, गुराख्यांचं, रुंद, वर मेंढीचं कातडं, रिकिबी बंद पेटीसारख्या. लगाम एका हातात. दुसऱ्या हाताचं करायचं काय ह्याचा मला शेवटपर्यंत उलगडा झाला नाही. दुडकीत तुम्ही ताल सोडलात की खोगीर खालून धपाटे घालतं, ताल धरलात की त्याच खोगिरावर मांड बसते. तिथे हुशारी चालत नाही. आपण बैठी कामं करणारी माणसं सगळं डोक्याने समजून घेतो आणि मग अंगाला कळवतो. घोड्यावर उलटं होतं, कमरेला आधी कळतं. संध्याकाळी बाईंच्या वर्गात तीन-तीनच्या उड्या आल्या की मला सकाळची दौड आठवायची आणि टाळी आपोआप जागेवर पडायची. सूचनासुद्धा दोघांच्या सारख्याच. खांदे खाली. पाठ ताठ. पायाकडे बघू नका, समोर बघा. वजन खाली सोडा.

व्यवहाराचं थोडं सांगते. मांड्यांची वाट लागते. आधीचे महिना-दोन महिने जिने चढा, उठाबशा काढा. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोडेस्वारी शिकवतात. निदान घोड्यावर चढणं-उतरणं इथेच उरकून गेलात तर तिथले पहिले तास वाया जात नाहीत. बऱ्याच तबेल्यांची वजनाची मर्यादा असते, ती लाजून लपवू नका, घोड्याच्या पाठीचा प्रश्न आहे. प्रवासाच्या साध्या विम्यात घोडेस्वारी अनेकदा धरलेली नसते, बारीक अक्षरं वाचा. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका, पारा चाळिशीपार जातो. जेवणाचं म्हणाल तर थंड टोमॅटो सूपवरसुद्धा डुकराच्या मांसाचे तुकडे भुरभुरतात, तेव्हा शाकाहाऱ्यांनी आधीच सांगावं. पण सेव्हिलकडे पालक आणि काबुली चण्यांची जिरं घातलेली भाजी मिळते. ती खाल्ली आणि मला थेट आईचं स्वयंपाकघर आठवलं. फक्त चपाती नव्हती.

आता मुद्द्याचं.

हेरेसच्या त्या नाचाच्या बाईंना सगळे 'मायेस्त्रा', म्हणजे गुरू, म्हणायचे. वर्गाची फी आधी ठरलेली, आधी भरलेली, पावती घेतलेली. कुणी घासाघीस केली नाही. रात्री छोट्या बैठकीच्या जागी नाच बघायला गेलो तर लोक श्वास रोखून बसलेले. मध्येच 'ओले' म्हणून दाद, पण तीही नेमक्या जागी. आणि मला आपल्याकडचा दौलतजादा आठवत राहिला. नोटा उधळायच्या, नाचणारीने त्या वेचायच्या, आणि उधळणाऱ्याने मिशीवर हात फिरवायचा.

कुणी म्हणेल, फ्लेमेंको सुसंस्कृत आणि लावणी चावट. चूक. फ्लेमेंकोही हितानोंचा, गरिबांचा, दारूच्या गुत्त्यांतला म्हणून हिणवला गेलेला नाच आहे. एकोणिसाव्या शतकात तो गाण्याच्या कॅफेंमधून पोट भरत होता आणि तिथलेच शिकलेले लोक त्याच्या नावाने नाकं मुरडत होते. १९२२ साली ग्रानादात मानुएल दे फाल्या ह्या संगीतकाराने आणि लोर्कासारख्या तरुण कवीने त्याच्या मूळ गायकीची स्पर्धा भरवली, ती ह्या हेटाळणीला उत्तर म्हणूनच. पुढे हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत ठिपक्यांचे झगे घातलेली नर्तकी पर्यटनाच्या पोस्टरवर आली आणि कलेचं स्वस्त खेळणं झालं, हेही खरं. २०१० मध्ये युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. म्हणजे त्या नाचाचा मान तिथल्या लोकांनी मिळवून दिला. काहींनी लेख लिहून, काहींनी स्पर्धा भरवून, आणि बाकीच्यांनी दर आठवड्याला निमूट फी भरून.

आपल्याकडे यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळाली. बैठकीच्या लावणीत एकेका ओळीचा अर्थ नुसत्या डोळ्यांनी आणि बोटांनी किती तऱ्हांनी उलगडता येतो, हे त्यांनी दाखवलं. पण दादर-पार्ल्यातल्या किती आयांनी आपल्या मुलीला संगीत बारीतल्या, म्हणजे लावणीच्या व्यावसायिक फडातल्या, बाईंकडे शिकायला पाठवलं? कथ्थक चालतं, भरतनाट्यम चालतं, सालसा तर धावतो. लावणी मात्र रिअ‍ॅलिटी शोमध्ये आणि सोसायटीच्या गॅदरिंगला, तीही यूट्यूबवर बघून बसवलेली. लालबागला हनुमान थिएटर होतं, गिरणगावातला कामगार तिथे तमाशा बघायचा. गिरण्या गेल्या, थिएटर गेलं. आज पुण्याजवळ चौफुल्याच्या लावणीच्या थिएटरात रात्री पुण्या-मुंबईच्या गाड्या उभ्या असतात, पण त्यातून उतरणारे तिथे शिकायला आलेले नसतात.

घोड्याचंही तेच. मुंबईकराचा घोडा म्हणजे माथेरान. दस्तुरी नाक्यापुढे गाडी जात नाही म्हणून नाइलाजाने बसायचं, लाल मातीत चार फोटो, आणि उतरल्यावर घोडेवाल्याशी वीस रुपयांवरून वाद. किंवा पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी-फेटा घालून, लगाम दुसऱ्याच्या हातात देऊन. व्हिक्टोरिया घोडागाड्या तर २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदाच ठरवल्या, ते एका अर्थी बरंच झालं, त्या घोड्यांचे हाल बघवत नव्हते. पण ह्या पलीकडे घोडा आपल्या गावीच नाही. नंदुरबारकडे सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा केवढा बाजार भरतो, तिथे घोडे नाचवण्याच्या स्पर्धा होतात. (त्या मला स्वतःला फारशा आवडत नाहीत. जनावराला मागच्या पायांवर किती वेळ उभं करायचं ह्याला काही धरबंध हवा.) दख्खनचं काटक भीमथडी तट्टू, ज्याच्यावर मराठ्यांचं घोडदळ उभं राहिलं, ते आज धनगरांच्या तांड्याबरोबर बिऱ्हाड वाहताना दिसतं. आणि त्याच धनगरांचं गजनृत्य बघा. ढोल कडाडतो आहे आणि नाचणारे मात्र हातातले रुमाल सावकाश फिरवत, एका लयीत पावलं टाकत चाललेत. जो समाज पिढ्यान्‌पिढ्या तट्टू सांभाळतो, तोच हा नाच नाचतो. हेरेसला मी जे बघायला गेले ते सांगली-साताऱ्याकडे आहेच.

वारीचं तर बोलायलाच नको. पुरंदवड्याला गोल रिंगण लागतं, माऊलींचा अश्व स्वाराविना दौडतो, तो गेल्यावर बायाबापड्या टापांखालची माती कपाळाला लावतात आणि मग फुगड्या, उड्या, पावल्या. घोडा आणि नाच ह्यांची ह्याहून सुंदर गाठ मी कुठेच पाहिलेली नाही.

आता कमेंटमध्ये कुणीतरी विचारणारच, "म्हणजे वारीचंही पॅकेज करायचं का?" नाही. अजिबात नाही. रिंगण ही भक्ती आहे, तिथे शिकवणी लावायला जाऊ नये. पण लावणीचा बाजार मी नव्याने मांडत नाहीये, तो पेशवाईपासून आहे. प्रश्न इतकाच की भाव कोण ठरवतं. सुपारी घेणारा दलाल, नोटा उधळणारा, की शिकवणारी बाई स्वतः? मला जी सुट्टी हवी आहे तिच्यात सकाळी चांगल्या राखलेल्या घोड्यावर माळरानात फिरायचं, घोडा राखणाऱ्या मोतद्दाराला मजूर न समजता शिक्षक समजायचं. दुपारी पिठलं-भाकरी आणि झोप. संध्याकाळी ढोलकीपटू समोर बसलेला, बाई खुर्चीत, आणि आपण जमिनीवर बसून आधी नुसता डोळ्यांचा अभिनय शिकायचा. घुंगरू नंतर. रंगमंच नाही, 'लावणी नाइट' नाही, दारू तर नाहीच. आणि फी हेरेसच्या बाईंना दिली त्याच्या तोडीची, कुरकुर न करता. तेवढ्याच पैशात पाच देश करणाऱ्यांना हे महाग वाटायचं कारण नाही.

शासनाने योजना आणावी असं मी म्हणणार नाही, ती आली की तिचं काय होतं ते आपण जाणतो. कालिन्याला विद्यापीठाच्या लोककला अकादमीत तमाशा, लावणी, शाहिरी शिकवतात, तिथे चौकशी करायला मी जाणार आहे. पण तो रीतसर अभ्यासक्रम, आणि आम्हा नोकरीवाल्यांना रविवारच सापडतो.

तेव्हा सरळ विचारते. संगीत बारीत वाढलेल्या, वय झालेल्या, शिकवायची इच्छा असलेल्या बाई कुणाच्या माहितीत असतील तर मला मेसेज करा. दादरला किंवा परळला जागा मी बघते. आम्ही चौघी तयार आहोत, त्यातल्या दोघी पन्नाशीच्या पुढच्या. फी बाई सांगतील ती. मावशीने आत्ताच विचारलंय, "पाचवी चालेल का?"