‘मीठ उतरवायला पोटभर पाणी पाजा’ म्हणे!

काल रात्री साडेअकराला भाच्याने एक मेसेज फॉरवर्ड केला. खाली एवढंच, “मामा, खरं का हे?” त्याच्याकडे पंचवीस-तीस डुकरं आहेत, त्यामुळे फोन उलटा ठेवून झोपता आलं नाही. मेसेजात चार फर्मानं होती. मीठ डुकराला विष, खाद्यातून ते पूर्ण बंद करा. ओलं खाद्य असेल तर वेगळं पाणी लागत नाही. झटके आले की साथ समजून सगळ्यांना इंजेक्शन टोचा. आणि मीठबाधा झालीच तर ती उतरवायला ताबडतोब पोटभर पाणी पाजा.

मीठ बंद करायचं? डुकराच्या नेहमीच्या खाद्यात साधारण अर्धा टक्का मीठ असतं आणि ते त्याला लागतंच. समोर भरपूर पाणी असेल तर याच्या कितीतरी पट मीठ ते लघवीवाटे बाहेर टाकतं. पाणी तुटलं, तर मात्र तेच अर्धा टक्का मीठ जिवावर उठतं. आता एक कबूल करावं लागेल. खारं उष्टं किंवा चीज करताना उरलेलं खारट पाणी डुकरांपुढे ओतणारे लोक आहेत, आणि तिथे मीठच गुन्हेगार असतं. मेसेज लिहिणाऱ्याला यातलं अर्धं कुठूनतरी ऐकू आलं असावं.

ओल्या खाद्याचं तर बोलूच नये. वाढत्या डुकराला किलोभर कोरड्या खाद्यामागे दोन-तीन लिटर पाणी लागतं. पिल्लांना पाजणारी डुकरीण दिवसाला पंधरा-वीस लिटर सहज पिते. हे सगळं भिजवलेल्या भुशातून कसं भागणार?

खरा संताप येतो तो चौथ्या मुद्द्याचा. पाणी तुटलं की मिठातलं सोडियम रक्तात चढतं आणि मागोमाग मेंदूतही. तिथून ते पटकन बाहेर पडत नाही, कारण बाहेर ढकलायला पेशीला ऊर्जा लागते आणि चढलेलं सोडियम ती ऊर्जाच तोडतं. अशा वेळी तहानेलं जनावर बादलीभर पाणी प्यायलं की रक्त पातळ होतं, मेंदू खाराच राहतो, आणि पाणी तिकडे ओढलं जातं. कवटीत फुगायला जागा नसते. पुष्कळदा झटके सुरू होतात तेच पाणी परत आल्यावर. डुक्कर कुत्र्यासारखं ढुंगणावर बसतं, नाक वर करतं, मान हिसक्याहिसक्याने मागे जाते, मग कुशीवर पडून पाय झाडतं. दोन झटक्यांच्या मधे भिंतीला डोकं लावून उभं राहतं, हाक मारली तरी ऐकू येत नाही. अशा जनावराच्या घशात पाणी ओतलं तर ते फुप्फुसात जाणार, हे वेगळंच.

मर्कच्या पशुवैद्यकीय मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलंय: पाणी तासातासाने, वजनाच्या अर्धा टक्का एवढंच. म्हणजे चाळीस किलोच्या डुकराला तासाला दोनशे मिली. असं करत पूर्ववत यायला काही दिवस लागतात, आणि एवढं करूनही निम्म्याहून जास्त दगावू शकतात.

राहिलं इंजेक्शन. झटके मेंदूज्वरातही येतात, म्हणून डॉक्टरला बोलवा, रक्तातलं सोडियम तपासू दे. एखादं मेलंच असेल तर त्याचा मेंदू तपासायला पाठवा. पहिल्या दोन दिवसांत मेंदूतल्या रक्तवाहिन्यांभोवती इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशींची गर्दी दिसली, तर मीठबाधेचं निदान जवळपास पक्कं. अँटिबायोटिकने सोडियम उतरत नाही.

भाच्याला म्हटलं, हे सगळं राहू दे, आधी बॅटरी घेऊन जा आणि डुकरं पाणी पितात ते नळीचं एकेक निपल दाबून बघ. वाढत्या डुकरासाठी मिनिटाला लिटरभर पाणी पडायला हवं. दहा मिनिटांनी त्याचा फोन आला. “मामा, शेवटच्या कप्प्यात नुसतं ठिबकतंय. आठ आहेत आत. झटके नाहीत, पण सगळी निपललाच झोंबतायत.” निपल उघडलं तर जाळीत गाळ बसलेला. तो साफ करून नळ पूर्ण सोडायला निघाला होता, मी फोनवरच ओरडलो. मग लांब उथळ पन्हाळ ठेवायला लावली, नाहीतर एखादं दांडगं सगळ्यांच्या वाटचं एकटंच पितं. दर तासाला दीड लिटर, आठांत मिळून. पहाटे चारचा फेरा त्याने चुकवला आणि कारण म्हणून सांगितलं, “डोळा लागला, मामा.”