यंदाच्या गाऱ्हाण्यात काय म्हणायचं?

दाजीला आणि त्याच्या मुलाला, दोघांनाही विचारून हे लिहितोय. कट्ट्यावरच्यांची नावं बदलली आहेत आणि वाडी कुठली ते सांगत नाही. वेंगुर्ल्यात बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर शालूकाकीच्या चहाच्या टपरीला लागून आमचा कट्टा आहे, एवढं पुरे. कट्ट्यावरची बोली मालवणी: झील म्हणजे मुलगा, चेडू म्हणजे मुलगी, चवथ म्हणजे गणेशचतुर्थी.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. ३१ जुलैला मासेमारीची बंदी संपलेली, पण वारा होता म्हणून बऱ्याच होड्या अजून वर ओढलेल्याच. दाजी जवळजवळ वर्षभराने कट्ट्यावर आला. इतके दिवस गुडघ्याचं कारण सांगत होता, आम्हीही मान डोलावत होतो. आला, बसला, खिशातून अडकित्ता काढला आणि सुपारी कातरता कातरता कुणाकडेही न बघता म्हणाला, "झिलान गेल्या चवथीक माका सांगल्यान. तो गे आसा. तेका चेडवाबरोबर लगीन करूचा नाय."

कुणी काही बोललं नाही. दाजी कातरतच राहिला. दोनाचे चार, चाराचे आठ. सांगून होईपर्यंत तळहातावर सुपारीचा नुसता भुगा उरला होता. तो त्याने कट्ट्यावर ओतला, "मी जातंय" म्हणाला आणि चहा न घेताच उठला.

तो वळणाआड गेल्यावर आमचं जुंपलं ते टपरी बंद होईपर्यंत.

आधी मागच्या चतुर्थीचं सांगायला हवं, कारण त्या रात्री मीही दाजीकडे होतो. आरत्या झाल्या, बापू गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवापुढे मोठ्याने घातलेलं मागणं, आणि वाडीत ते बापूनेच घालायचं. एसटीत कंडक्टर म्हणून तीस वर्षं ओरडून आवाज तयार झालेला. "बा देवा म्हाराजा!" "होय म्हाराजा!" असं चालता चालता त्याने टिपेला नेलं, "दाजीच्या झिलाचा लगीन ह्या वर्षाक जुळान येव दे रे म्हाराजा!" सगळं घर गरजलं, "होय म्हाराजा!" दाजीचा मुलगा माझ्या शेजारीच उभा होता. त्यानेही हात जोडून 'होय म्हाराजा' म्हटलं. मी ऐकलंय. गौरी-गणपती पोचवून तो मुंबईला निघाला तेव्हा सावंतवाडी स्टेशनवर, तुतारी एक्स्प्रेस सुटायला अर्धा तास असताना, त्याने बापाला सांगितलं. दाजी एकटाच रिक्षाने परत आला. मुलाच्या आईला दोन वर्षांपासून ठाऊक होतं, हे त्याला घरी आल्यावर कळलं. तिने कुणाजवळ अवाक्षर काढलं नव्हतं.

बापूने सुरुवातच केली, "ह्या सगळा मुंबयचा खूळ. लगीन लावून देवा, सरळ जातलो."

बापू वाईट माणूस नाही. दाजीच्या बायपासच्या वेळी गोव्यात आठ दिवस हॉस्पिटलच्या आवारात झोपला होता. त्याला मित्राचं दुःख मिटवायचं होतं आणि हातात एवढंच औषध होतं. पण मला राहवलं नाही. म्हटलं, "बापू, असो झील उद्या तुझ्या चेडवाक सांगान इलो तर देतलंस?"

"माझ्या चेडवाचा नाव मधी आणू नको."

"मग कुणाच्या मुलीचं आणायचं?"

जरा जास्तच बोललो असेन, पण शब्द मागे घेणार नाही. 'लग्न करून टाका' म्हणताना आपण मुलाचाच विचार करतो. ती जी कोण कुडाळची नाहीतर देवगडची मुलगी नवी साडी नेसून त्याच्या घरात येणार, तिचा विचार एकाही कट्ट्यावर होत नाही. नवरा हात लावत नाही म्हणून ती स्वतःतच खोट शोधत बसणार. वर्षभरात सासू विचारणार, पाळणा कधी? अशा मुली माहेरी परत आलेल्या आपण पाहिल्यात, आणि दोष मुलीलाच दिलाय. बापू बराच वेळ समोरच्या गटाराकडे बघत बसला.

प्रसादचं मेडिकल स्टोअर आहे. तो हळूच म्हणाला, "मागच्या दिवाळीत दाजी माझ्याकडे आलेला. मित्राच्या मुलासाठी म्हणून विचारत होता, यावर कुठे इलाज होतो का? कुठल्या मित्राच्या, ते मी विचारलंच नाही." दाजीने मग स्वतःच एका शहरातला डॉक्टर गाठला, मुलाला गळ घालून नेलं, आणि त्या डॉक्टरने चार महिन्यांत 'नीट' करायची हमी देऊन पैसे घेतले. मुलगा दुसऱ्या वेळेला गेला नाही. तिथून बापलेकांचं बोलणं बंद झालं ते पाच महिने.

प्रसादला याची फार टोचणी आहे, कारण त्याला माहीत होतं. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ सालीच हे, म्हणजे समलैंगिकता, आजारांच्या यादीतून काढलं. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० ला काढलं. आपल्याकडच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये जाहीर सांगितलं की हा आजार नव्हे. आणि असं 'बदलून देतो' म्हणणं हे डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये ठरवलं. म्हणजे दाजी पैसे मोजून आला तो धंदाच नियमबाह्य होता. "त्या दिवशी काउंटरवर दोन मिनिटं बोललो असतो तर," प्रसाद म्हणत होता. गिऱ्हाईक उभं होतं म्हणून बोलला नाही, एवढंच.

मग बापूने दशावतार काढला. "आमच्या नाटकात काय बापये साडी नेसनत नाय? तसलाच ह्या."

तसलं नाही. आपल्याकडे या दोन गोष्टींची फार सरमिसळ होते म्हणून इथे थांबतो. दशावतारातला स्त्रीपार्टी रात्रभर पदर सावरतो आणि पहाटे रंग पुसून बायकामुलांकडे जातो. ती त्याची कला. एखाद्याला आतून आपण बाईच आहोत असं वाटणं, ही तिसरीच गोष्ट. आणि पुरुषाचं मन पुरुषावर जडणं ही वेगळी. दाजीचा मुलगा शाळेत असताना तालुक्याला कबड्डी खेळायचा, पकडीला त्याच्याएवढा मजबूत कुणी नव्हता. चालण्या-बोलण्यावरून आम्हाला काही कळलं नाही, कारण तिथून कळायची ही गोष्टच नव्हे.

सुहास वकील आतापर्यंत गप्प होता. तो बोलला ते मला सगळ्यात अडचणीचं वाटलं. "तुम्ही सगळे दाजीला झोडताय. पण त्या मुलाला स्वतःला कळायला, मानायला दहा-बारा वर्षं गेली असतील. आणि बापाने तुतारी सुटायच्या आत समजून घ्यायचं? दाजीने मनात सून आणली होती, नातवंडं खेळवली होती. बागेतली कलमं कोणाच्या नावावर करायची ते ठरवलं होतं. एका अर्ध्या तासात ते सगळं गेलं. त्याला रडायला तरी वेळ द्याल की नाही?"

खरं आहे. नसलेल्या नातवंडाचंही सुतक असतं, आणि ते बापाने पाळावं. पण मी सुहासला म्हटलं, वेळ घे, पण तसं मुलाला सांगून घे. 'मला अजून झेपत नाही, पण तू घरी ये, आई वाट बघतेय,' एवढं बोलायला सगळं समजावं लागत नाही. पाच महिने फोन न उचलणं म्हणजे वेळ घेणं नव्हे. तिकडे खोलीत एकट्या बसलेल्या पोराने त्याचा काय अर्थ लावायचा?

यावर सुहासनेच एक खटला सांगितला. एकमेकींवर प्रेम असलेल्या मदुराईच्या दोन मुली घर सोडून चेन्नईला गेल्या, आईवडिलांनी हरवल्याची तक्रार केली आणि प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात आलं. न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी मुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना समुपदेशकाकडे पाठवलं. आणि आपल्यालाही हा विषय पुरता कळलेला नाही असं मान्य करून, निकाल लिहिण्याआधी ते स्वतः तज्ज्ञाकडे समजून घ्यायला बसले. जून २०२१ च्या त्यांच्या आदेशात तसं लिहिलेलं आहे. मला ही गोष्ट दाजीला सांगाविशी वाटली. हायकोर्टाचा न्यायाधीश 'मला शिकवा' म्हणू शकतो, तर बापाला कसली लाज?

"पण कायद्यान लगीन नाय म्हटल्यान मा?" बापूने विचारलं. हो, १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क मान्य केला नाही. पण गुन्हा तर ६ सप्टेंबर २०१८ पासून उरलेला नाही. इंग्रजांनी १८६० मध्ये केलेलं ३७७ कलम पाच न्यायमूर्तींनी एकमताने त्या दिवशी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं बाद केलं. त्या वर्षी गणपती १३ तारखेला होते, म्हणजे आम्ही मखरं सजवायच्या गडबडीत होतो. त्या निकालात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रांनी लिहिलंय की इतिहासाने या माणसांची आणि त्यांच्या कुटुंबांचीही माफी मागायला हवी. कुटुंबांचीही. सुहासने ते वाक्य दोनदा सांगितलं.

प्रसादने पद्मा अय्यर या मुंबईच्या आईची गोष्ट काढली. २०१५ मध्ये तिने मुलासाठी वर पाहिजे अशी जाहिरात वर्तमानपत्रात दिली. जातीची अट नाही म्हणून वर लिहिलं, अय्यर असल्यास बरं! बापूसुद्धा हसला. म्हणाला, "म्हणजे आवस ती आवसच." त्या संध्याकाळी तो पहिल्यांदा मोकळा झाला.

आता मुद्द्याचं. दाजीला सगळ्यात जास्त भीती कसली, हे मला त्याच्या बायकोने नंतर सांगितलं. तो रात्री उठून बसायचा आणि एकच म्हणायचा, "कट्ट्यावरले काय म्हणतले?" वाडी नाही, भावकी नाही. आम्ही. चाळीस वर्षांचे मित्र. आणि त्याची भीती खोटी नव्हती. टीव्हीवर कुणी जरा नाजूक बोललं की आम्ही टाळ्या वाजवून दाखवायचो. 'बायलो' हा शब्द आमच्या कट्ट्यावर दिवसाला दहादा यायचा. दाजीचा मुलगा लहानपणी बापाला जेवायला बोलवायला यायचा तेव्हा इथेच, या पायरीवर, हे सगळं ऐकत उभा असायचा. मी मोजायला बसलो तर मला झोप लागणार नाही. मूल सांगून मोकळं होतं आणि आईबाप दार लावून घेतात, ते आमच्यासारख्यांमुळे. मुंबईत अशा पालकांचा 'स्वीकार' नावाचा गट आहे, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये सुरू केलेला समपथिक ट्रस्ट मराठीतून बोलत आलाय. दाजीला दोन्हींचे नंबर दिलेत. पण वेंगुर्ल्यात संध्याकाळी सहाला तो कुठे जाणार? इथेच ना?

शालूकाकी इतका वेळ कपबश्या विसळत होती. पदराला हात पुसत तिने विचारलं, "तो झील थंय जेवता मा नीट? तेका कोण विचारता काय?"

त्याला विचारणारं कुणी आहे, हे दाजीच्या बायकोने मला सांगितलं होतं. चार वर्षांपासून आहे. ठाण्याचा मुलगा आहे, दाजीच्या बायपासच्या वेळी रक्त द्यायला गोव्यापर्यंत आला होता. दाजीने त्याला 'ऑफिसातला मित्र' म्हणून पाठीवर थोपटलं होतं. बापूने तर त्याला स्वतःच्या डब्यातली भाकरी दिली होती. मी ते सांगितलं तसा बापू म्हणाला, "तो? तो उंच, चष्म्याचो?" आणि गप्पच झाला.

पाऊस थांबला होता. शालूकाकीने स्टोव्ह बंद केला. बापू उठेना.

"चवथ तीन आठवड्यांर इली," तो म्हणाला. "दाजीच्या घराक गाऱ्हाणा माकाच घालूचा आसा. लगीन जुळान येव दे म्हणाक येवचा नाय. मगे काय म्हणू?"

सुहास म्हणाला, मुलाचं नावच घेऊ नको. प्रसाद म्हणाला, नाव नाही घेतलं तर मुलाला तेच लागेल. मी म्हटलं, भरल्या घरात त्याचं गुपित फोडायचा अधिकार तुला नाही, पण जाणत्याला कळेल असं बोल. बापूने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि अगदी खालच्या आवाजात जुळवून बघायला लागला.

"बा देवा म्हाराजा... दाजीचो झील मुंबयक चाकरीक आसा... तेका आणि तेच्या..." अडला. परत सुरुवातीपासून आला. "तेका आणि तेच्या माणसाक सुखी ठेव रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," शालूकाकी टपरीच्या आतून म्हणाली.

बापूने टोपी घातली. "पण भावकी सगळी समोर आसतली," तो म्हणाला. "बघतंय. अजून दिवस आसत."